अमेरिकेच्या वायव्येतल्या कोलंबिया नदीवर तिथल्या आदिवासींच्या सॅल्मन माशांच्या विक्रीचे नियम कोण ठरवतं: राज्य की जमात?

दोघंही. याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या चार जमाती आपापल्या सदस्यांसाठी नियम करतात. विक्रीसाठीचा हंगाम मात्र ओरेगॉन व वॉशिंग्टन या दोन राज्यांच्या संयुक्त 'कोलंबिया रिव्हर कॉम्पॅक्ट'च्या जाहीर सुनावणीतही मंजूर व्हावा लागतो. मासेमारीचा हक्क जमातींनी अमेरिकी सरकारशी केलेल्या १८५५च्या करारांतला आहे, राज्याने दिलेला नाही. १९६९च्या न्यायालयीन निकालानुसार राज्याला त्यावर फक्त माशांच्या संवर्धनापुरतीच बंधनं घालता येतात, आणि जमातींना न्याय्य वाटा मिळालाच पाहिजे.

व्यावसायिक मासेमारी मुख्यतः 'झोन ६' मध्ये, म्हणजे बॉनविल ते मॅकनेरी धरणांमधल्या पट्ट्यात चालते. बॉनविल धरणाला वळसा घालून माशांना वर चढता यावं म्हणून केलेल्या पाण्याच्या शिडीत, खिडकीतून एकेक मासा मोजला जातो. त्या आकड्यांवरून तांत्रिक समिती किती मासे येतील याचा अंदाज सुधारते आणि जाळ्यांचे दिवस वाढतात किंवा कापले जातात. खरी अडचण अशी, की भरपूर असलेल्या चिनूकसोबतच (ही सॅल्मनची एक जात) स्नेक या उपनदीचे संरक्षित चिनूक आणि स्टीलहेड (समुद्रात जाऊन परतणारे ट्राउट मासे) हेही वर चढतात. या संरक्षित माशांच्या पकडीची मर्यादा गाठली, की चिनूकचा वाटा शिल्लक असूनही हंगाम थांबू शकतो. म्हणूनच शरद हंगामात बहुधा किमान ८ इंची आसाचं (छिद्रांचं) गिलनेट, म्हणजे मासा कल्ल्यांत अडकवणारं जाळं, सक्तीचं असतं, जेणेकरून लहान स्टीलहेड निसटतात. उपनद्यांच्या मुखांजवळ जाळं टाकायला बंदी असते.

एक अपवाद: धार्मिक विधी आणि घरच्या खाण्यासाठीची मासेमारी जमातीच नियमित करतात, ते मासे विकता येत नाहीत.