घरी ऑफ-रोड कॅम्पर ट्रेलर बांधायचा तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: ऑस्ट्रेलियात राहतो. टोयोटा हायलक्स (पिकअप गाडी) आहे, वेल्डिंगचा छोटा कोर्स केलाय. तयार ऑफ-रोड कॅम्पर ट्रेलरच्या (कच्च्या रस्त्यावर गाडीमागे ओढून न्यायचं मुक्कामाचं बिऱ्हाड) किमती ऐकून डोळे पांढरे झाले. घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बांधणं जमेल का? आधी काय विकत घेऊ?

उत्तर:

जमेल. मी केलंय, आणि मी काही वेल्डर नाही, दिवसभर संगणकासमोर बसणारा माणूस आहे. ॲडलेडला राहतो. ट्रेलर मात्र आठ महिने शनिवार-रविवार घालवून बांधला. विकत काय घ्यायचं ते मागाहून बघू. आधी कागद घ्या आणि वजनांची यादी करा.

ही यादी मी केली होती, पण लाडाने केली होती. चासी, एक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग) आणि स्टेपनीसकट तीन चाकं मिळून ३८० किलो. प्लायवूडची पेटी १७०. छतावरचा तंबू ६५. पाणी ८० लिटर, म्हणजे ८० किलो, त्यात सूट नाही. भरलेला फ्रिज ५०, बॅटरी १२. डिझेलचा कॅन, खुर्च्या, भांडी धरून बेरीज ७८० आली आणि मी खूश झालो. तयार ट्रेलर भरून सार्वजनिक वजनकाट्यावर उभा केला तर आकडा आला १०६०. हे २८० किलो आले कुठून? स्क्रू, गोंद, रंग, बिजागऱ्या, ड्रॉवरच्या पट्ट्या, हत्यारांची पेटी आणि बायकोने शेवटच्या क्षणी ठेवलेला कुकर. म्हणून तुमच्या यादीच्या बेरजेवर आणखी पस्तीसेक टक्के चढवा आणि तोच आकडा खरा धरून एक्सल, ब्रेक आणि कपलिंग (ट्रेलर गाडीला अडकवणारा सांधा) निवडा.

इथल्या कायद्याच्या भाषेत भरलेल्या ट्रेलरच्या कमाल वजनाला एटीएम म्हणतात (पैसे काढायचं नव्हे), आणि त्यातलं ट्रेलरच्या चाकांवाटे जमिनीवर पडणारं वजन म्हणजे जीटीएम. ब्रेकचा नियम जीटीएमवर चालतो. ७५० किलोपर्यंतच्या एका एक्सलच्या ट्रेलरला ब्रेक बसवावे लागत नाहीत. त्यापुढे २००० किलोपर्यंत निदान एका एक्सलच्या चाकांना ब्रेक हवेत. त्याच्याही वर गेलात तर सगळ्या चाकांना ब्रेक, शिवाय ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप लागणारी यंत्रणा. ब्रेक वाचवण्यासाठी ७५० च्या आत बसवायची खटपट पुष्कळजण करतात. मी म्हणेन, करू नका. बारा व्होल्टचे इलेक्ट्रिक ब्रेक आणि गाडीत त्यांचा कंट्रोलर एवढं सुरुवातीलाच धरून चाला. का, ते पुढे येतंच.

माझं मूळ गाव वाळवा तालुक्यातलं. उसाचा पट्टा, त्यामुळे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारी दुकानं गल्लोगल्ली. एक दुकान मामांचं होतं. हंगामाच्या आधी दुरुस्तीला आलेल्या ट्रॉल्यांची रांग लागायची. मामा म्हणायचे, "ट्रॉली वरनं मोडत न्हाई, खालनं मोडती." फळ्या, रंग, मागच्या फळक्यावरचं नाव याकडे ते बघायचेच नाहीत. सरळ खाली वाकून पाट्याची पिन आणि पुढच्या दांड्याचा जोड बघायचे. ॲडलेडच्या गॅरेजमध्ये हेच कामाला आलं. माझ्या एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा फरशीच्या खाली गेलाय, आणि स्वयंपाकघर अजूनही जुन्या कपाटाच्या फळ्यांचं आहे.

चासीला मी १०० × ५० × ३ मिमीची चौकोनी पाइप वापरली. सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे ड्रॉबार, पुढचा ए आकाराचा सांगाडा. त्याचे दोन्ही हात चासीच्या पुढच्या आडव्या पाइपला नुसते टेकवून वेल्ड करू नका. ते चासीच्या खालून मागे, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटपर्यंत न्या. पन्हळी पत्र्यासारख्या कच्च्या रस्त्यावर ट्रेलर तासन्‌तास नाचतो आणि सगळा वाक त्या पुढच्या कोपऱ्यात येतो. चीर जाते ती तिथेच, आणि बहुधा वेल्डच्या कडेने. त्यामुळे ड्रॉबारच्या खालच्या अंगाला आडवा वेल्ड मारणं टाळा. वरून पट्टी जोडायची असेल तर चौकोनी न कापता टोकं निमुळती ठेवा, म्हणजे ताण एकाच रेषेत साचत नाही.

आधी सगळीकडे नुसते टाके (ठिपक्याएवढे वेल्ड) मारून घ्या आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन मिलिमीटरच्या आत जुळले तरच पूर्ण वेल्ड, तेही एकदा इकडे एकदा तिकडे, नाहीतर उष्णतेने चासी पिळते. मी टाके मारले, बाकीचे साधे जोडही केले. पण ड्रॉबार आणि पाट्यांचे ब्रॅकेट एका व्यावसायिक वेल्डरला बोलावून करून घेतले. यात कमीपणा काही नाही. मागून येणाऱ्या गाडीत लोक असतात.

गॅल्व्हनाइझ करणार असाल (गंजू नये म्हणून जस्ताचा थर चढवणार असाल) तर प्रत्येक बंद पाइपला दोन्ही टोकांना भोकं पाडा. जस्ताची टाकी साधारण ४५० अंशांवर असते. पाइपमध्ये अडकलेल्या ओलीची वाफ झाली तर पाइप फुटते आणि शेजारी उभ्या माणसाच्या अंगावर जस्त उडतं. माझ्या चासीत दोन ठिकाणी भोकं राहिली होती. तिथल्या म्हाताऱ्या कामगाराने काही न बोलता खडूने खुणा केल्या आणि ट्रेलर परत पाठवला. दिवस गेला, पण बरोबर होता तो. आणि एकदा जस्त चढलं की पुन्हा वेल्डिंगला हात लावायचा नाही, म्हणून पाण्याच्या टाकीचे पट्टे, जॅक, केबलचे हूक, सगळं त्याआधी जोडून घ्या.

पाटे की कॉइल स्प्रिंगचं स्वतंत्र सस्पेन्शन, हा वाद इथे चहाच्या कपावर रात्रभर चालतो. स्वतंत्र सस्पेन्शन मऊ चालतं हे खरं. पण त्याचे दोन्ही हात अगदी समांतर बसावे लागतात आणि घरच्या गॅरेजमध्ये ते साधणं अवघड. थोडं चुकलं की टायर एका बाजूने झिजतात. मी पाटे घेतले, ग्रीस भरता येणाऱ्या पिनांचे. तुटला तर झाडाखाली बसून बदलता येतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारे) पुन्हा आवळा, ते ढिले होतातच.

चाकं गाडीचीच ठेवा. हायलक्सला सहा बोल्टचं १३९.७ मिमीचं वर्तुळ आहे, तसेच हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) मागवा, तेच टायर घाला. एकच स्टेपनी दोघांना चालते. दोन चाकांमधलं अंतरही गाडीएवढं ठेवा, म्हणजे वाळूत ट्रेलर गाडीच्याच चाकोरीतून येतो. वेगळं असलं तर तो आपली वेगळी वाट खणतो आणि इंजिनाचा दम जातो. बेरिंग इथे सर्रास मिळणारी घ्या आणि एक पूर्ण संच ग्रीस लावून डब्यात बरोबर ठेवा.

कपलिंग घरी बनवायचं नाही. मानकाचा शिक्का आणि वजनक्षमता कोरलेलं तयारच घ्या. साधा ५० मिमीचा गोळा (गाडीमागचा, ज्यावर ट्रेलर अडकतो) सपाट रस्त्याला उत्तम, पण ओढ्यात उतरताना गाडी एका अंगाला आणि ट्रेलर दुसऱ्या अंगाला कलतो तेव्हा त्याला तेवढं फिरता येत नाही. पॉलीब्लॉक किंवा डीओ-३५ सारखी ऑफ-रोड कपलिंग त्यासाठीच असतात. सुरक्षेची साखळी नियमाने अडीच टनांपर्यंत एक चालते. मी दोन लावल्यात.

आता माझी चूक. मला मागून उघडणारं स्वयंपाकघर हवं होतं, चहा करताना समोर डोंगर दिसावा म्हणून. म्हणून फ्रिज मागे, पाण्याची टाकी एक्सलच्या मागे, स्टेपनी मागच्या दारावर. दिसायला झकास. ॲडलेड हिल्समधून शहरात उतरणाऱ्या फ्रीवेवर, ८५ च्या आसपास, शेजारून ट्रक गेला आणि ट्रेलर डोलायला लागला. आधी कुत्र्याच्या शेपटीसारखा, मग हायलक्सचीच मागची चाकं हलवायला लागला. अशा वेळी पाय ब्रेककडे जातो, तो नेऊ नये. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि कंट्रोलरवरची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागे ओढला जातो आणि सरळ होतो. ते ब्रेक नसते तर हे उत्तर मी लिहीत नसतो.

दुसऱ्या दिवशी मोजलं. १०६० किलोच्या ट्रेलरचं गोळ्यावर पडणारं वजन फक्त ५५ किलो होतं, पाच टक्के. इथे लोक साधारण दहा टक्के धरतात. टाकी एक्सलच्या पुढे घेतली, स्टेपनी ड्रॉबारवर आणली, काटा ११० वर गेला आणि डोलणं संपलं. चहा आता बाजूला करतो. टाकी एक्सलच्या जवळच असू द्या, कारण रोज पाणी संपत जातं तसं टोकाला टांगलेल्या टाकीने हे गणितही रोज बदलतं.

मागचा भाग लांबवायला तशीही मर्यादा आहे. एक्सलच्या पुढे जेवढी पेटी, तिच्या ६० टक्क्यांपेक्षा मागे जास्त नको. रुंदीची कमाल अडीच मीटर, पण गाडीपेक्षा रुंद केलात तर झाडोऱ्यात पस्तावाल. हे सगळं व्हीएसबी-१ नावाच्या सरकारी पत्रकात आहे, साडेचार टनांपर्यंतच्या ट्रेलरांसाठी. फुकट मिळतं, छापून गॅरेजच्या भिंतीवर लावा. मी बांधला तेव्हा राज्याच्या तपासणीवर भागलं होतं. १ जुलै २०२१ पासून नवा केंद्रीय कायदा लागू झाला. आता रोव्हर या पोर्टलवर अर्ज करून ट्रेलर आधी केंद्राच्या वाहन-नोंदवहीत चढवायचा आणि मग राज्याकडून नंबर घ्यायचा. ही चौकशी पोलाद कापायच्या आधी करा.

पुढचं धुळीचं. मरी ते मार्ला हा ऊडनडाटा ट्रॅक, इथला कच्चा रस्ता, सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास आहे (हो, गावाचं नाव मरीच). पहिल्या मुक्कामाला भाजणीचा डबा उघडला तर वर लाल मातीचा थर. डबा बंद, पेटी बंद, दाराला रबर, तरी आत माती. धावत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि पेटी प्रत्येक फटीतून धूळ आत ओढते. आणखी रबर लावून भागत नाही. छतावर पुढच्या बाजूला, धुळीच्या वर, तोंड पुढे असलेलं आणि आत फोमची गाळणी असलेलं झाकण बसवायचं. चालताना स्वच्छ हवा आत रेटली जाते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राहतो, धूळ आत शिरत नाही. दाराला गाडीच्या दाराचं पोकळ रबर आणि दाबून आवळणारी कुलपं घ्या. खर्च किरकोळ, भाजणी वाचते.

विजेचं थोडक्यात: १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, २०० वॉटचं सौर पॅनल आणि गाडीतून चार्ज व्हायला डीसी-डीसी चार्जर. केबल जाड घ्या, कारण गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरपर्यंत सात-आठ मीटरचा प्रवास असतो आणि बारीक तारेत व्होल्ट वाटेतच संपतात. २४० व्होल्टला आणि पक्क्या गॅसजोडणीला परवानाधारक माणूसच हवा. मी दोन्ही टाळलं. शेगडी बाहेर टेबलावर ठेवतो, सिलिंडर बाहेर ड्रॉबारवर.

रस्त्यावर उतरलात की कच्च्याला टायरची हवा कमी करा. माझ्या वजनाला २५ ते २८ पीएसआय बरं पडतं. दर थांब्याला हबवर हात ठेवून बघा. कोमट ठीक, पण हात ठेववत नसेल तर बेरिंग किंवा घासणारा ब्रेक. आणि पहिलीच सहल सिम्पसन वाळवंटात नको. तिथे हजाराच्या वर वाळूच्या टेकड्या आहेत आणि ट्रेलर नेऊ नका असंच सांगतात.

खर्च माझा सगळा मिळून अकरा हजार डॉलरच्या आसपास झाला, वेल्डरच्या मजुरीसकट, आठ महिन्यांच्या माझ्या मजुरीशिवाय. वजनांची यादी आणि एक्सलची जागा दाखवणारं हाताने काढलेलं चित्र खाली टाका, गोळ्यावर किती पडेल ते मी मांडून देतो.