जि. प. शाळेचा पट ६१ च्या खाली आलाय, तिसरे शिक्षक जातील का?

पहिली ते पाचवीची जि. प. शाळा, तीन शिक्षक, पट ६३ वरून ५९ वर. पालक म्हणून काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

पट एवढाच राहिला तर तिसरं पद अतिरिक्त ठरेल. शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. दोघंच उरले आणि त्यातले एक केंद्रावर बैठकीला गेले, की पाचही वर्ग एकट्याच्या गळ्यात. त्यामुळे दोन मुलांसाठी केलेली धावपळ वाया जात नाही.

संचमान्यतेला, म्हणजे शाळेची शिक्षकपदं मंजूर करताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात. तोही सरकारी विद्यार्थी-नोंदणी पोर्टलवर नोंदलेल्या, आधार पडताळणी झालेल्या मुलांचा. म्हणून आधी मुख्याध्यापकांकडून दोन आकडे घ्या: हजेरीपटावरचा आणि पोर्टलवर आधार ‘व्हॅलिड’ दिसणारा. फरक दिसला तर नावानिशी यादी मागा. गाडं अडतं ते नाव, जन्मतारीख किंवा लिंग न जुळल्यामुळे. पोर्टलवर ज्ञानेश्वरचं स्पेलिंग ‘डी’ने, आधारवर ‘जी’ने, किंवा आधारवर १ जानेवारी ही अंदाजे तारीख. जन्मदाखला पुढ्यात ठेवा आणि जिथे चूक असेल तेच दुरुस्त करा. घाईत दाखलखारीज रजिस्टर आधारप्रमाणे बदलू देऊ नका, पुढे दाखल्यावर तीच चूक उतरते. पाच वर्षांनंतरचं बायोमेट्रिक अपडेट राहिलं असेल तर तेही करून घ्या. आधार केंद्राच्या फेऱ्या आणि लागणारा वेळ बघता हे काम जुलैतच हाती घ्या.

दुसरी अडचण बदलून आलेल्या मुलांची. आधीच्या शाळेने यूडायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर मूल ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) टाकल्याशिवाय ते तुमच्या शाळेच्या नावावर येत नाही. खासगी शाळा फीसाठी दाखला अडवते तेव्हा हेही अडतं. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कायद्याचं कलम ५ तसं सांगतं. मुलाला वर्गात बसवा, आणि मुख्याध्यापकांना गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी कळवायला सांगा.

नवी मुलं मात्र सप्टेंबरात मिळत नाहीत. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांची यादी अंगणवाडी सेविकेकडे तयार असते. ‘गुढीपाडवा पट वाढवा’ मोहीम पाडव्याला असते ती उगाच नाही. त्यानंतर गावात खासगी शाळांची स्कूलव्हॅन फिरू लागते. वस्तीवरची, वीटभट्टीवरची घरं सर्वेक्षणात सुटतात, तिथे तुम्ही स्वतः जा. जन्माचा पुरावा नसला तरी प्रवेश होतो. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं सहसा दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, म्हणून ती मुलं पटात धरली जातात. निघताना त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायला लावा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल.

कुणी खोटी नावं घालायला सुचवलं तर ठाम नकार द्या. ऑक्टोबर २०११ च्या राज्यभरच्या पटपडताळणीत तेच उघडं पडलं होतं. आणि शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात; ऑगस्टच्या बैठकीत आधार न जुळलेल्या मुलांच्या यादीचा विषय घेऊन ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, प्रत केंद्रप्रमुखांना द्या आणि पोच घ्या.