वाचकांचे प्रश्न : रोख्यांमधला कोळसा

प्रश्न : निवृत्तीचे 40 लाख रुपये रोख्यांत आहेत. त्यातले 10 लाख कोळशावर वीज बनवणाऱ्या कंपनीत, बाकीचे वित्त कंपन्यांत. कार्बनचा भार कमी करायचाय. सगळं विकून हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठी पैसा उभारणारे) घेऊ का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सगळं विकू नका, आधी भार, म्हणजे तुमच्या पैशामागे होणारं कार्बन उत्सर्जन, मोजा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्या वार्षिक अहवालासोबत बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचं विवरण देतात. त्यातलं स्कोप 1 (कंपनीचं स्वतःचं) आणि स्कोप 2 (विकत घेतलेल्या विजेमागचं) उत्सर्जन उलाढालीने भागा आणि येणाऱ्या आकड्याला तुमच्या गुंतवणुकीतल्या त्या कंपनीच्या वाट्याने गुणा. समजा, वीज कंपनी उलाढालीच्या कोटी रुपयांमागे 1800 टन सोडते आणि वित्त कंपन्या 4 टन. 25 टक्क्यांचे 450 आणि 75 टक्क्यांचे 3, एकूण कोटीमागे 453 टन.

फसगत होते ती या 3 मध्ये. वित्त कंपनीच्या आकड्यात तिच्या कार्यालयांची वीज आणि गाड्यांचं इंधन एवढंच धरलेलं असतं. तिने औष्णिक प्रकल्पांना दिलेल्या कर्जांमागचं उत्सर्जन स्कोप 3 मध्ये (कंपनीबाहेर, पण तिच्या व्यवहारांमुळे होणारं) मोडतं आणि ते या गणितात येत नाही. त्यामुळे वीज कंपनीचे रोखे विकून पीएफसी किंवा आरईसी या वीज प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या सरकारी वित्त कंपन्यांचे घेतले, तर कागदावर भार जवळजवळ शून्य होतो, पण पैसा औष्णिक प्रकल्पांच्या कर्जातही जातोच. म्हणून वार्षिक अहवालात कर्जवाटपाची विभागणी पाहा; औष्णिक निर्मितीचा वाटा तिथे कळतो.

विकताना मुदत बघा. वर्षभरात संपणारे रोखे राहू द्या. बाजारात गिऱ्हाईक कमी, घाईत भाव पडतो. मुद्दल हाती आलं की पुन्हा त्या कंपनीला देऊ नका, एवढं पुरे. आठ-दहा वर्षांचे मात्र आधी विका. कंपनीची भरभराट झाली तरी तुम्हाला ठरलेलंच व्याज मिळणार, संयंत्रं मुदतीआधी बंद पडली तर मुद्दलाला धोका.

बदली म्हणून केंद्र सरकारचे हरित रोखे आहेत. पहिले जानेवारी 2023 मध्ये निघाले. आरबीआय रिटेल डायरेक्ट या रिझर्व्ह बँकेच्या ऑनलाइन सोयीवर 10,000 रुपयांपासून मिळतात. परतफेडीची हमी सरकारची, प्रकल्प फसला तरी. व्याज कंपनीच्या रोख्यांपेक्षा कमी मिळेल, हे मात्र धरून चाला. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही 2025 मध्ये 200 कोटींचे हरित रोखे काढले. अशा छोट्या रोख्यांना मधेच ग्राहक मिळणं कठीण, तेव्हा मुदतीपर्यंत थांबता येत असेल तरच विचार करा.

तीन वर्षांचा रोखा विकून दहा वर्षांचा हरित रोखा घेऊ नका. बाजारातला व्याजदर एक टक्का चढला तर पहिल्याची किंमत अडीच-पावणेतीन टक्के पडते, दुसऱ्याची सातच्या आसपास. नवा रोखा जुन्याच मुदतीचा शोधा.