सोळा तास उपाशी राहणं मला का जमत नाही?

ताई,
मी ३७ वर्षांची, सांगलीत माध्यमिक शाळेत शिकवते. २०२१च्या मे महिन्यात कोविड झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण अंगातलं त्राण परत आलंच नाही. दीड वर्ष तपासण्या झाल्यावर पुण्यातल्या डॉक्टरांनी क्रॉनिक फटिग सिंड्रोम असल्याचं सांगितलं. गेल्या वर्षी माझ्या नणंदेने दोन वेळाच जेवायला सुरुवात केली आणि तिचं अकरा किलो वजन उतरलं. तिच्या आग्रहाने मीही सकाळचा नाश्ता सोडला. फक्त चहा, मग दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्यातच खायचं. पहिले दहा-बारा दिवस खरंच हलकं वाटलं, डोकं साफ झालं. तिसऱ्या आठवड्यात पालकसभेला दोन तास उभी होते. त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खालीच बसले. आठवडाभर अंथरुणात. नंतर पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. नवरा चांगला आहे, पण परवा म्हणाला, "आईला अडुसष्टाव्या वर्षी निर्जळी हरतालिका झेपते, तुला सोळा तास झेपत नाहीत?" तेव्हापासून रोज रात्री वाटतं, माझ्यातच चिकाटी नाही. उपास चालू ठेवू का? आणि घरातल्या संकष्टीचं काय करू?
थकलेली शिक्षिका

उपास थांबव. उद्या सकाळी उठल्यावर तासाभरात काहीतरी पोटात जाऊ दे, बाकीचं नंतर. अंघोळ करताना अंधारी आल्याचं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मी मात्र तिथेच थांबले. ओल्या फरशीवर डोकं आपटलं असतं तर? डॉक्टरांना हे सांगितल्याचं पत्रात कुठे नाही. सांगितलं नसशील तर या आठवड्यातच सांग.

आता चिकाटीबद्दल. कोविडपासून हे शरीर घेऊन तू वर्गात उभी राहतेस, वह्या तपासतेस, पालकसभेला दोन तास उभी होतीस. त्या बाईच्या चिकाटीवर शंका घ्यायला मी तयार नाही. तुझ्या आजाराची खूण नुसता थकवा नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली निदानाचे निकष ठरवले, त्यात सहा महिन्यांहून जास्त टिकलेल्या थकव्याबरोबर दोन गोष्टी आवश्यक धरल्या आहेत: झोपूनही विश्रांती न मिळणं आणि श्रमानंतरची घसरण. शिवाय बुद्धीला धुकं येणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, यांतलं किमान एक. ही घसरण लगेच येत नाही. काही तासांनी येते, कधी एक-दोन दिवसांनी. म्हणून घरच्यांना तिचं कारण दिसत नाही आणि आजारी माणसालाही दिसत नाही. सभा झाली एका दिवशी, तू कोसळलीस तिसऱ्या दिवशी, मधल्या वेळात तू हसत-बोलत शाळेत गेली असशील. बघणाऱ्याला वाटणारच, काल तर बरी होती. जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराची नोंद १९६९ पासून मज्जासंस्थेच्या आजारांत केलेली आहे. नवऱ्याला हे जरूर वाचून दाखव.

पहिल्या दहा-बारा दिवसांचं कोडं तुला छळत असणार. तेव्हा जमलं, मग आता का नाही? निरोगी शरीर उपाशी राहिलं की आधी यकृतातला साखरेचा साठा वापरतं, मग चरबीकडे वळतं. या काळात अॅड्रेनलिनच्या जातीची संप्रेरकं थोडी चढतात आणि माणसाला तरतरी वाटते. आपल्या भाषेत याला उसनं अवसान म्हणतात, आणि तुझे ते दिवस तसेच गेले असावेत असं मला वाटतं. सासूबाईंच्या शरीरात ते उसनं दुसऱ्या दिवशीच्या जेवणाने आणि झोपेने फिटतं. तुझं शरीर झोपूनही भरून येत नाही, हाच तर आजार आहे. म्हणून हरतालिकेशी तुलना इथे लागूच होत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुझ्या नणंदेच्या आहाराच्या बोलण्यात येत नसेल. खाणं थांबलं की रक्तातलं इन्सुलिन उतरतं, आणि ते उतरलं की मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात. मिठाबरोबर पाणी जातं. सुरुवातीला वजनाचा काटा भराभर खाली येतो त्यात या पाण्याचा मोठा वाटा असतो. धडधाकट माणसाला याचं काही वाटत नाही. पण तुझ्या आजारातल्या अनेकांना उभं राहिल्यावर रक्त वर चढवणं मुळातच जड जातं. रक्त पायांत साचतं, हृदय धावायला लागतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. आता तुझी ती सकाळ आठव. रात्री आठपासून पोटात काही नाही, सकाळी फक्त चहा, त्यात अंगावर गरम पाणी. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब आणखी उतरतो. सभेची घसरण चालूच होती. एवढं सगळं एकाच वेळी आल्यावर तू खाली बसलीस ते शहाणपणाचंच केलंस.

याची एक सोपी तपासणी घरी होते. पाच-दहा मिनिटं शांत पडून राहा आणि नाडीचे मिनिटाचे ठोके मोज. मग भिंतीजवळ दहा मिनिटं उभी राहा आणि दर दोन मिनिटांनी ठोके लिही. नवऱ्याला शेजारी उभं कर, एकटीने करू नकोस, गरगरलं तर लगेच बस. मोठ्या माणसाचे ठोके त्या दहा मिनिटांत तीस किंवा त्याहून जास्त वाढून तसेच टिकले, तर तो कागद डॉक्टरांना दाखव. त्यावर औषधं आणि उपाय आहेत. त्याच भेटीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड पुन्हा बघायला सांग. दीड वर्षाच्या तपासण्यांत हे झालेलं असेल, पण मधे इतके आठवडे खाणं कमी होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. तुझ्या थकव्यात आणखी एका थकव्याची भर नको.

दोन वेळच्या जेवणावर महाराष्ट्रात घराघरांत वाद झाले. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी नेला, दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांत जेवण संपवा म्हणून सांगितलं. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं वरचेवर खा म्हणत होत्या. त्या वादात मला पडायचं नाही. दीक्षितांच्या पद्धतीचा रोख वजन आणि मधुमेहावर आहे. नणंदेचा प्रश्न वजनाचा होता, तिला उत्तर मिळालं, तिच्यासाठी मला मनापासून आनंद आहे. तुझा प्रश्न वजनाचा नव्हताच. उपाशी राहिलं की पेशी आपली साफसफाई करतात, त्याला नोबेल मिळालं, हेही तुझ्या कानावर आलं असेल. जपानच्या योशिनोरी ओसुमींना २०१६ साली ते मिळालं हे खरं. त्यांनी ही यंत्रणा यीस्टच्या पेशींत उलगडली. सांगलीतल्या एका शिक्षिकेचा थकवा सोळा तासांच्या उपासाने जाईल, असं त्यातून निघत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या आजाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. एखाद्या विशिष्ट आहाराने हा आजार बरा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं त्यांत आहे, आणि खाण्यावर बरीच बंधनं घालून घेतलेल्या रुग्णाला आहारतज्ज्ञाकडे पाठवायला सांगितलं आहे. पायरीपायरीने व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्लाही त्यांनी काढून टाकला. 'थोडं रेटून बघ' असं कुणी म्हणालं तर हे लक्षात ठेव.

रात्री उशिरा जेवलं नाही की पोट हलकं राहतं, असा अनुभव याच आजारातली काही माणसं सांगतात, आणि मी तो खोटा मानत नाही. तुलाही तेवढं हवं असेल तर रात्री आठला जेव आणि सकाळी आठला खा. बारा तास झाले. आपल्या आज्या हेच करत होत्या आणि त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. डॉक्टर वेगळं सांगेपर्यंत याच्या पुढे जाऊ नकोस.

सकाळी काय खायचं? ज्याला सकाळी उभं राहावं लागणार नाही ते. नाचणीचं पीठ रात्री ताकात भिजवून ठेव, सकाळी शिजवायला पाच-सात मिनिटं लागतात, तीही कुणी दुसऱ्याने द्यायला हरकत नाही. वरून मीठ-जिरं. आंबिलीत पाणी, मीठ आणि धान्य एकत्र मिळतं, आणि जास्त चावावंही लागत नाही. फार थकलेल्या सकाळी चावणंही काम असतं. जरा बरी असशील तेव्हा मुगाचं धिरडं किंवा उकडलेलं अंडं. उशाशी एक डबा ठेव, त्यात राजगिऱ्याची वडी, भाजलेले शेंगदाणे, चार खजूर, आणि शेजारी पाण्याची बाटली. उठून बसायच्या आधी दोन घास आणि पेलाभर पाणी. शाळेत मधल्या सुट्टीत खारट ताक. मीठ वाढवण्याआधी रक्तदाब मोजून घे, तो चढा असेल किंवा मूत्रपिंडाची काही तक्रार असेल तर हा मिठाचा सल्ला तुझ्यासाठी नाही. अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, कोमट पाणी, आणि दाराला आतून कडी नको. स्वयंपाकघरातही एक उंच स्टूल असू दे. भाजी बसून चिरली तरी ती तितकीच चांगली होते. वर्गात खुर्ची मागताना संकोच करू नकोस, मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र दे.

संकष्टीची मला काळजी वाटत नाही, कारण तिथे परंपरा तुझ्या बाजूने आहे. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी एका जुन्या संस्कृत वचनात सांगितल्या आहेत, त्यांत पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध आहे. आजाऱ्याला व्रताची सक्ती नाही हे सासूबाईंनाही ठाऊक असणार, तू एकदा त्यांनाच विचार. बायका उपासाबद्दल एकमेकींशी ज्या मोकळेपणाने बोलतात, तसं मुलाशी त्या बोलल्या नसतील. दिवसभर साबुदाण्याच्या खिचडीवर मात्र राहू नकोस. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिठूळपणा, त्याने तासाभर बरं वाटतं आणि मग हातपाय गळतात. त्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, दही, केळं, दूध, आणि तेही वेळेवर. चंद्रोदयाला आरती कर, बसून कर.

राहिला नवरा. तू त्याला चांगला म्हणतेस, म्हणून हे काम त्याच्यावर सोपवते. महिनाभर त्याने एक वही लिहायची. रोज तीन ओळी: आज ही किती वेळ उभी होती, काय आणि किती वाजता खाल्लं, आणि परवाच्या दिवसाचं आज काय दिसतंय. तू लिहू नकोस, तू स्वतःचं कमीच लिहिशील. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यालाच पानं मागेपुढे करून दिसायला लागेल की मंगळवारचं उभं राहणं गुरुवारी वसूल होतं. त्या वहीतून तुला तुझी मर्यादाही सापडेल, आणि त्या मर्यादेच्या अलीकडेच थांबायचं असतं, थकल्यावर नाही. मग ती वही घेऊन दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. तो तुझ्याबरोबर आत बसू दे, बाहेर बाकावर नको. आईच्या हरतालिकेचा प्रश्न त्याने तिथे डॉक्टरांना विचारावा, तुला नव्हे.