येत्या २५ वर्षांत तंत्रज्ञानामुळे कुठली कामं संपतील? मुलाला काय शिकवावं?

तुमचा मुलगा नववीत आहे आणि एआयमुळे २०५०पर्यंत कारकून, अकाउंटंट, भाषांतर करणारे सगळे घरी बसणार असं तुम्ही कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलंय, म्हणून विचारताय. असलं भविष्य मी आमच्या घरात १९९८ला ऐकलंय म्हणून लिहायला बसले.

बार्शीला आमच्या अण्णांचा टायपिंगचा क्लास होता. चौदा मशीनं, सकाळी सहाची पहिली बॅच, रात्री नऊला शेवटची. त्या दिवाळीला मामा पुण्याहून आले होते, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचे, आणि भरल्या ताटावर म्हणाले, "दाजी, दोन वर्षांत ही मशीनं भंगारात जाणार, आत्ताच विका आणि जागा भाड्यानं द्या." आईसुद्धा भावाच्या बाजूनं. अण्णा काही बोलले नाहीत, पुढच्या वर्षी पतसंस्थेचं कर्ज काढून आणखी सहा मशीनं घेतली, आणि त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

नंतर एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स आला, गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लास निघाले, तरी आमच्या बॅचा भरलेल्याच, कारण लिपिक व्हायचं तर मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचं सर्टिफिकेट लागतंच आणि परीक्षा मशीनवरच होती. गोदरेजनं २००९ला टाइपरायटर बनवायचं थांबवलं तेव्हाही अण्णा जुन्या मशीनचे पार्ट काढून दुसऱ्याला बसवत होते. माझं बीकॉम, धाकटीचं डी फार्म आणि ते कर्ज, सगळं त्या मशीनांनी फेडलं. टायपिंगची परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या परीक्षा परिषदेनं कॉम्प्युटर टायपिंग आणलं तेव्हा २०१६ला अण्णांनी कॉम्प्युटर घेतले, आणि गंमत बघा, मुलं कॉम्प्युटरवरही तोच टाइपरायटरचा रेमिंग्टन कीबोर्ड शिकायला आली. पहिली वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर. 'कि' काढायचं तर आधी वेलांटी, मग क. मशीन गेलं, बोटांतलं गेलं नाही.

मशीनं शेवटी किलोवर गेली, खरंय. आणि मावसभावाच्या लग्नात मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं." हे मला अजून सहन होत नाही. काय जाणार हे त्यांना बरोबर कळलं होतं पण कधी जाणार ते पंधरा-सोळा वर्षांनी चुकलं, आणि माणसाचा संसार त्या पंधरा-सोळा वर्षांतच होतो ना? भाकीत करणाऱ्याला चुकल्याचा हप्ता भरावा लागत नाही. तुमच्या व्हिडिओवाल्यालाही लागणार नाही.

आता एआयचं. मी स्वतः सरकारी ऑफिसात लिपिक आहे, फायली कॉम्प्युटरवर चालवायचं ई-ऑफिस वापरते, पत्राचा मसुदा कितीदा तरी मोबाईलला बोलून काढते. टायपिंगचा वेग आज ना उद्या बिनकामाचा होणार हे मला दिसतंय, अण्णांची मुलगी असून सांगते. पण परवाच मोबाईलनं 'शेतसारा'चं 'शेत सारा' केलं आणि पुढच्या ओळीत 'फेरफार'चं, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलाच्या नोंदीचं, 'फार फार', आणि शेजारच्या टेबलावरच्या नवीन पोराला ते वाचूनही खटकलं नाही. तसंच पुढे गेलं असतं तर सहीवाल्यानं ते कुणाच्या नावावर टाकलं असतं? म्हणून मुलाला आधी चार ओळी शुद्ध लिहायला आणि दुसऱ्यानं लिहिलेलं बारकाईनं वाचायला शिकवा. कोडिंग, डेटा वगैरे त्याला आवडत असेल तर जरूर, पण केवळ भीतीनं नको.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर खोटं होईल. आमच्या क्लासच्या खालीच एसटीडी बूथ होता, पैसे देऊन बाहेरगावी फोन करायचा, रात्री अकरानंतर दर उतरायचा म्हणून पायरीपर्यंत लाइन लागायची. १९९५ला देशात मोबाईल आला तेव्हा बूथवाल्या काकांना काहीच वाटलं नाही, आणि २००३ला इनकमिंग फुकट झाल्यावर तीन-चार वर्षांत शटर पडलं. म्हणजे काही धंदे वेळ देतात, काही देत नाहीत, आणि तुमच्या मुलाचं कुठलं निघेल ते मला सांगता येणार नाही. माझा राग मामांनी तारीख ठोकून दिली त्यावर आहे.

अण्णा आता नाहीत. पण त्यांचं रजिस्टर आहे, १९८४पासूनची पास झालेल्यांची नावं, पुढे त्यांच्या हातानं नोकरी लागल्याचं लिहिलेलं, तलाठी, कोर्ट, झेडपी, एसटी डेपो. १९९८च्या दिवाळीनंतरची पानं आधीच्यापेक्षा जास्त आहेत, मी मोजलीत. मामा, तुम्ही हे वाचत असाल तर रजिस्टर आईच्या कपाटात आहे, कधीही येऊन बघा.