न्यू मेक्सिकोतली लेचुगिया गुहा पर्यटकांसाठी बंद का आहे? आत असं आहे तरी काय?

लोकांच्या पैशावर चालणाऱ्या राष्ट्रीय उद्यानातली गुहा फक्त मूठभर संशोधकांनाच का, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. मी भूशास्त्र शिकले, नोकरीच्या निमित्ताने न्यू मेक्सिकोत आले आणि त्याच उद्यानातली कार्ल्सबाडची मोठी गुहा पुन्हा पुन्हा पाहत राहिले. लेचुगियात मी उतरलेले नाही आणि उतरायचा हट्टही नाही. ती बंद आहे तेच योग्य, असं मला मनापासून वाटतं. का ते सांगते.

आधी ती झाली कशी ते बघा. बहुतेक चुनखडीच्या गुहा वरून खाली खोदल्या जातात: पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि खडक विरघळवत खाली जातं. लेचुगिया उलट, खालून वर खोदली गेली. ती ज्या ग्वाडालूप डोंगरात आहे तो म्हणजे सुमारे 26 कोटी वर्षांपूर्वी स्पंज आणि शेवाळांनी समुद्रात रचलेला चुनखडीचा बांध. त्याच्या शेजारच्या खोऱ्यात तेल आणि वायूचे साठे आहेत. तिथून हायड्रोजन सल्फाइड हा वायू भेगांमधून वर चढला, भूजलात ऑक्सिजनला भेटला आणि त्याचं सल्फ्युरिक आम्ल झालं. त्या आम्लाने खडक पोखरला आणि मागे जिप्सम या मऊ, पांढऱ्या खनिजाचे ढीग ठेवले. हे 40 ते 60 लाख वर्षांपूर्वीचं. आपल्या सह्याद्रीत असं काही सापडणार नाही, कारण बेसॉल्ट असा विरघळत नाही. अजिंठा-वेरूळ माणसांनी छिन्नीने घडवलं.

आत्ता-आत्तापर्यंत ही गुहा कोणाच्या खिजगणतीतही नव्हती. वर दिसायचा तो जेमतेम 27 मीटर खोल खड्डा. 1914 पासून काही काळ तिथून वटवाघळांची विष्ठा खतासाठी काढली गेली, एवढंच. पण खड्ड्याच्या तळाशी दगडमातीच्या ढिगाऱ्यातून वारा घोंघावत वर यायचा. बाहेरचा हवेचा दाब उतरला की गुहा हवा सोडते, दाब चढला की आत ओढते. एवढा वारा म्हणजे खाली पोकळी प्रचंड असणार, हे कोलोरॅडोच्या काही हौशी गुहाशोधकांनी ओळखलं. 1984 मध्ये त्यांना परवानगी मिळाली आणि मे 1986 मध्ये वाट फुटली. आजवर 240 किलोमीटरहून जास्त वाटा मोजून झाल्यात, खोली 489 मीटर, आणि मोजणी अजून चालूच आहे.

आतलं वैभव मी फक्त छायाचित्रांत आणि चित्रफितींत पाहिलंय, तरी अंगावर काटा येतो. एका दालनात छतापासून जिप्समची पांढरीशुभ्र झुंबरं लटकतात, काही सहा मीटर लांब. वरच्या जिप्समच्या थरातून पाणी झिरपतं, वाहत्या हवेने वाळतं आणि स्फटिक खाली वाढत जातात. काही ठिकाणी जिप्समचे केस आहेत, इतके बारीक की जवळ श्वास सोडला तरी हलावेत. कुंडांमध्ये गुहामोती आहेत, म्हणजे थरावर थर चढून झालेले खनिजाचे गोल खडे. पाण्याखाली, गुरुत्वाकर्षणाला न जुमानता वेडीवाकडी वळणं घेत वाढणारे खनिजाचे तंतू जगात पहिल्यांदा इथेच नीट ओळखले गेले. हातात घेऊन बघावंसं वाटेल असं सगळं, आणि हात लागला की गेलंच.

पण नुसतं मोडतोडीचं भय असतं, तर कठडे बांधून, फळ्या टाकून लोकांना नेता आलं असतं. खरी गोष्ट वेगळी आहे. तिथे अन्न नाही. ऊन नाही, पानं-माती वाहून आणणारा झरा नाही. तिथले जीवाणू लोह-मँगनीजसारखी खनिजं आणि झिरपत्या पाण्यातले सेंद्रिय पदार्थांचे अंश यांवर तग धरतात. अशा उपाशी जगात माणूस शिरतो तेव्हा घाम, केस, त्वचेचा कोंडा, बिस्किटाचा चुरा सांडत जातो. ती त्यांच्यासाठी जत्रेतली जेवणावळच. मग बाहेरचे जीवाणू फोफावतात आणि मूळचे मागे पडतात. शोधमोहिमांच्या वापरातल्या पिण्याच्या पाण्याच्या कुंडात कोलिफॉर्म जीवाणू, म्हणजे विष्ठेतून पसरू शकणारे, आढळले आहेत, आणि तेही इतकी काळजी घेणाऱ्या लोकांमुळे! तिथे आखलेल्या फितीबाहेर पाऊल टाकायचं नसतं, स्वच्छ जागी मळके बूट उतरवायचे असतात, पिशवीवर वाकून खायचं असतं आणि आठवडाभराच्या मुक्कामातली विष्ठासुद्धा बंद पिशवीतून वर आणायची असते.

या उपाशी जीवाणूंनीच आपल्याला एक मोठी गोष्ट शिकवली. 40 लाख वर्षांहून अधिक काळ बाहेरच्या जगापासून तुटलेल्या भागातून घेतलेल्या जीवाणूंवर प्रतिजैविकांची, म्हणजे अँटिबायोटिक औषधांची, चाचणी झाली. 2012 मध्ये निष्कर्ष आले: काही वाण आज दवाखान्यांत वापरल्या जाणाऱ्या 14 प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. ज्यांनी माणूस पाहिला नाही, औषधाची गोळी पाहिली नाही, ते! म्हणजे प्रतिकाराची ही ताकद आपल्या औषधांच्या फार आधीची. सूक्ष्मजीव एकमेकांशी लढताना ती जमवत आलेत. आपण औषधांचा बेसुमार वापर करून ती पसरवली, हेही तितकंच खरं. दिवसाला हजार माणसं आत गेली असती, तर त्या जीवाणूत जुनं काय आणि आपण आणलेलं काय, हे कोणी सांगितलं असतं?

धोका वरूनही होता. जवळपास वायूसाठी विहिरी खणण्याचे बेत झाले, तेव्हा 1993 मध्ये अमेरिकी संसदेने खास या गुहेसाठी कायदा केला आणि आसपास नवं खाणकाम व खोदकाम थांबवलं. सुटकेचाही प्रश्न आहेच: 1991 मध्ये आत एका शोधक बाईंचा पाय मोडला, तर त्यांना वर आणायला चार दिवस आणि शंभराहून जास्त माणसं लागली.

कधी उघडेल का? पर्यटनासाठी उघडण्याचा बेत नाही. संशोधन, मोजणी किंवा देखभाल, यांसाठीच परवाना मिळतो, आणि दोरावरून उतरण्या-चढण्याचा पक्का सराव हवा. पण कार्ल्सबाडची गुहा त्याच आम्लाने घडलीय आणि ती सगळ्यांना खुली आहे. गुडघे धड असतील तर लिफ्ट सोडा आणि नैसर्गिक तोंडातून चालत उतरा. खालच्या मोठ्या दालनात जिप्समचे उरलेले ठोकळे वाटेवरूनच दिसतात. उन्हाळ्यात गेलात तर संध्याकाळी वटवाघळं बाहेर पडतात, तेवढं थांबा.

अमेरिका लांब वाटत असेल तर बस्तर गाठा. जगदलपूरजवळ कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात कोटमसरची चुनखडीची गुहा आहे, आत आंधळे मासे आहेत. पावसाळ्यात ती बंद असते, म्हणून हिवाळ्यात जा. भिंतींना हात लावू नका आणि खाण्याचं काही आत नेऊ नका.