पहिल्या तीन मॅच जिंकल्या, म्हणजे टीम भारी का?

प्रश्न: मुलगा अमेरिकेत शिकायला आहे, त्यामुळे गेल्या वर्षीपासून घरात त्याच्या युनिव्हर्सिटीचं फुटबॉल बघतो (आपलं नाय, ते अंड्यासारख्या बॉलचं). यंदा पहिल्या दोन मॅचमध्ये समोरच्यांचा पार भुगा केला, तिसरी रविवारी पहाटे पाचला उठून बघितली तर शेवटच्या मिनिटाला कशीबशी तीन पॉइंटने काढली. पोरगा म्हणतो, बाबा, यंदा प्लेऑफ (सीझनअखेरची बाद फेरी) नक्की. मला तसं वाटत नाय, पण खटकतंय काय ते सांगता येत नाय.
– एक वाचक, देवगड

उत्तर: काका, तुम्हाला खटकतंय ते बरोबरच आहे. त्या पहिल्या दोन मॅच आधी बाजूला ठेवा. तिकडे मोठ्या युनिव्हर्सिट्या सुरुवातीला छोट्या टीमला चक्क पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात, यांना हमखास विजय आणि त्यांच्या बजेटला हातभार. गावच्या कबड्डी स्पर्धेत यजमान मंडळाला पहिल्या राऊंडला कोण मिळतं ते तुम्ही बघितलंच असेल, चिठ्ठ्या टाकूनसुद्धा!

कधीकधी पाहुणाच घर लुटतो, ते वेगळं. १ सप्टेंबर २००७ ला देशात पाचव्या नंबरची मिशिगन युनिव्हर्सिटी, लाखाच्या वर माणूस बसतं अशा स्वतःच्या स्टेडियमवर, अॅपलाचियन स्टेटकडून ३४-३२ नं हरली होती. मिशिगनची शेवटची किक ब्लॉक झाली आणि अख्खं स्टेडियम गप्प. त्या पाहुण्यांना बोलावायला चार लाख डॉलर मोजले होते म्हणे.

आता तुमची तिसरी मॅच. मीपण जागा होतो, चहाचा दुसरा कप चालू होता. थर्ड क्वार्टरमध्ये एक जागा आठवा, तिसरा डाऊन (म्हणजे तिसरा प्रयत्न), फक्त दोन यार्ड हवे होते, मधून पळाले आणि जागच्या जागी आपटले. थोड्या वेळानं पुन्हा तेच. चार डाऊनमध्ये दहा यार्ड काढायचे असतात, त्यात दोन यार्डसाठी धाप लागत असेल तर दुखणं क्वार्टरबॅकचं (बॉल फेकणाऱ्याचं) नाय, त्याला राखणाऱ्या पुढच्या पाच जणांच्या फळीचं आहे. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे पळतो, तुम्ही नका पळू. बॉल मागे आला की उजव्या टोकाच्या गड्याचे पाय बघा, तो मागे मागे सरकत थेट आपल्याच क्वार्टरबॅकच्या अंगावर येत होता, आणि क्वार्टरबॅक बिचारा पाय रोवायच्या आतच बॉल फेकत होता. कबड्डीत साखळीतला एक हात सुटला की बाकीचे कितीही तगडे असले तरी काय उपयोग, तसंच हे.

मग जिंकले कसे? समोरच्यांच्या हातातून दोनदा बॉल सुटला आणि दोन्ही वेळा आपल्याच पोरांच्या अंगाखाली आला. अंड्यासारखा बॉल जमिनीवर आपटला की कुठं उडेल ते त्यालाच ठाऊक नसतं, बॉल समोरच्याच्या हातातून काढणं हे कसब, पण सुटलेला बॉल आपल्याला मिळणं हे बरंचसं नशीब. ते दर मॅचला कुठून आणणार? डिफेन्स मात्र खरंच चांगला वाटला, चौथ्या क्वार्टरमध्ये दमले नाहीत.

पोराचंही अगदीच चूक नाय हं. २०२४ पासून प्लेऑफला चारच्या जागी बारा टीम घेतात, एखादी मॅच हरून चालतं. पण समोर तगडी फळी आली की बघा काय होतं. माझी पैज दोन पराभवांची, हरलो तर डझनभर हापूस माझ्याकडून, सीझनला.

प्रश्न: या मॅचच्या वेळा सारख्या बदलतात का हो?
– एक वाचक, दापोली

उत्तर: नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात. मग पाचची मॅच आपल्याकडे सहाला. म्हणजे हर्णैला मासळीला जायच्या आत फर्स्ट हाफसुद्धा पुरा होणार नाय, घरी आधीच सांगून ठेवा.